चांदीची जाळी आणि गंधकाची भुकटी

माय, तुला लिहायचं मी किती वर्षं टाळत आलो. कधी गाव बदललं, कधी काम. खरं तर एका जागी बसायलाच जमत नाही. "पायाले भिंगरी हाय याच्या," तू चुलीपुढं म्हणायचीस, आणि माझ्याकडं न बघताच पहिली भाकर माझ्या ताटात टाकायचीस. त्या भाकरीचा वास… जाऊ दे, भलतीकडेच चाललो.

सध्या मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचा धुतो. तिथल्या मॅडम शाईसारख्या रंगानं ऊन पकडून वीज काढतात. त्या रंगावर असा थर लागतो, की ऊन आरपार जाईल आणि वीजही वाहील. नेहमीचा थर महाग, वाकवला की तडकतो. म्हणून त्यांनी केसाहून बारीक चांदीच्या तारांची जाळी प्लास्टिकवर बसवली. तसा एक तुकडा देऊन मला गावी पाठवलं. "छपरावर लाव, रोज वीज मोज. काहीही झालं तरी खाली काढू नकोस." हे नीट पार पडलं तर कामावर कायम ठेवतील. माय, मला पहिल्यांदाच कुठंतरी टिकून राहावंसं वाटतंय.

आणि आज सकाळी दादा गंधकाची भुकटी घेऊन निघाला. कपाशीच्या बीटी पऱ्हाटीवर दहिया रोग पडलाय, पानं पांढरी झालीत. वावर घराला लागून, वारा घराकडं. मला एकदम तुझी चांदीची जोडवी दिसली. असंच गंधक मारलेल्या वावरातून तू वेचणी करून येतेस, जोडवी काळी ठिक्कर, आणि आजी म्हणते, "चांदी हाय का कथील, तुह्या बापाले इचार!" तू राखेनं घासत बसतेस.

"दादा, वारा फिरू दे ना."

"वारा का तुह्या मॅडमचा नोकर हाय? काऊन बे, त्या पन्नीसाठी पऱ्हाटी जाऊ देऊ?"

त्याचंही खरंच होतं. पण पिवळा धुरळा उठला आणि माझ्यानं राहवलं नाही. छपरावर चढलो, तुकडा उतरवला, तू गेल्यापासून जपलेल्या तुझ्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवला. मॅडमना फोनवर "सगळं ठीक" म्हणालो. खरं फक्त तुला सांगतोय, कारण तू कुणाला सांगणार नाहीस, आणि हे पत्र तरी कुठं जाणार आहे.

बाहेर मोटारसायकल थांबली. दादा दुपारी वरवट बकालच्या स्टँडवर गेला होता, तोच आलाय. मागच्या सीटवरून मॅडम उतरताहेत, न कळवता आल्यात. आणि आधी छपराकडंच बघताहेत.