पश्चिमेकडील वस्तूबाबत

९ जानेवारी १९४३, दिवेलागण.
रवळनाथाला दिवा लावून परतताना पश्चिमेला डोंगरावर मोठा पांढरा उजेड दिसला. आवाज नाही. हालचाल नाही. सरकारचे सर्क्युलर आहे, आकाशात अनोळखी काही दिसल्यास पोलीस पाटलाने ताबडतोब बेळगावला कळवावे. या गावचा पोलीस पाटील मी. जपान्यांचा डोळा बेळगावच्या छावणीवर असणारच. कंग्राळीच्या पाटलाने टेलिग्राफच्या तारा तोडणारे दोघे धरले, त्याला साहेबाच्या हातून फेटा मिळाला. मला फेट्याचा मोह नाही. मिळालाच तर केशरी असावा.

१० जानेवारी.
पुन्हा तिथेच. कालच्यापेक्षा तांदळाभर वर. म्हणजे जवळ येत आहे. राजाबाई म्हणाली, अवो, चांदणी हाय ती. बायकोमाणसाला युद्धातले काय कळणार. लेकीचे, मनूचे लग्न १२ फेब्रुवारीला, गोरज मुहूर्तावर. हिचे सगळे चित्त पापडात.

१२ जानेवारी.
बेळगाव. कचेरीतल्या यमनाप्पा कारकुनाने फॉर्म पुढे केला. पंख किती? लिहिले, मिटलेले. इंजिने? मुकी. उंची? अदमासे चार ताड. त्याने विचारले, पाटील, तुम्ही स्वतः पाहिलं? म्हटले, रोज, नेमाने. त्याने टाचणी लावून कागद वर पाठवला. माझ्या अक्षराचे कौतुक करायचे राहून गेले त्याच्याकडून.

१८ जानेवारी.
उत्तर आले. वस्तूची नोंद घेतली आहे. गावात वाच्यता होऊ नये. लगेच सनदी ज्योतिबाकडून दवंडी पिटवली की, पश्चिमेला जे दिसतंय त्याबद्दल कुणी बोलू नये हो! संध्याकाळी सगळा गाव तळ्याच्या बांधावर. शामूच्या आईने तर वस्तूला हळदकुंकू वाहिले. शिस्त लागायला वेळ लागतो.

२४ जानेवारी.
फौजदार आले. चहा घेतला नाही. वस्तू पाहायला थांबलेही नाहीत, दिवस मावळायच्या आत परतायचे होते. हुकूम वाचून दाखवला. वस्तू दिसेनाशी होईपर्यंत गावात अंधार पडल्यावर दिवाबत्ती बंद, वाजंत्री बंद, आणि दिवसा किंवा रात्री पाचांहून जास्त माणसे एका जागी नकोत. बंदोबस्त पाटलाने स्वतः करावा. कसूर झाल्यास पाटलाला अटक. सरकारचा माझ्यावर केवढा विश्वास!
राजाबाईने दाराआडून ऐकले. रात्री भाकरी आपटून वाढली.

२७ जानेवारी.
व्याही सुबराव नंदगडाहून आले. दीडशे वऱ्हाडी आणि बँड ठरवून बसले आहेत. म्हणाले, पाटील, सून काय चोरून न्यायची व्हय? त्या दिवशी लगीन न्हाय झालं तर आमी दुसरी पोरगी बघतो. मी म्हणालो, तोवर सरकार वस्तू घालवील. चुलीच्या धुराने मनूचे डोळे लाल झाले होते. चूल विझलेली होती, पण धूर रेंगाळतो.

३० जानेवारी.
जोशीबुवांकडे गेलो, मुहूर्त पुढे ढकलता येतो का विचारायला. वस्तू गेली की लगेच लग्न, असे सुचवले. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, अहो पाटील, दिवाळीआधीपासून शुक्राचा अस्त होता, लग्नं बंद होती. शुक्र उगवला का म्हणून तुम्हीच तीनदा विचारायला आलात. उगवला, म्हणून तर मुहूर्त दिला! तीच तुमची वस्तू. ती दिसेनाशी झाली की मुहूर्तही गेले.
शुक्र असू शकेल. पण शुक्राच्या आडून कुणी येत नसेल कशावरून? तरी उद्यापरवा रिपोर्ट मागे घ्यायचा. चूक कबूल करण्यात मोठेपणा असतो.

१ फेब्रुवारी.
कचेरी. लिहून नेले होते, वस्तू शुक्र आहे. यमनाप्पाने दार लोटले. म्हणाला, कागद फाडा हो. तुमचा रिपोर्ट मुंबईला गेला, तिथून मंजूर होऊन आला. आता शुक्र म्हणालात तर खोटी खबर दिली म्हणून आत जाल, वर मी पण. विचारले, मग सरकारच्या मते तिथे आहे तरी काय? म्हणाला, काही नाही. आणि ते दिसतंय तोवर हुकूम राहणार.
कागद मीच फाडला.

८ फेब्रुवारी.
निश्चय झाला. बाराला मांडवात चाळीस गॅसबत्त्या लावणार. धरून नेऊ देत. देवासमोर शपथ घेतली, मनूलाही सांगितले. ती म्हणाली, खरंच, आप्पा? पोरीने पाया धरले.

११ फेब्रुवारी.
शांतपणे विचार केला. मी आत गेलो तर कन्यादानाला कोण बसणार? केवळ त्यासाठी बत्त्या रद्द. राजाबाई काल एकटीच बैलगाडीने नंदगडला जाऊन आली. सुबराव पाच माणसांत लग्नाला तयार झाले. काय बोलली ते सांगत नाही. मी मागे पाठवलेले पत्र त्यांना पटले असावे.

१२ फेब्रुवारी.
फौजदाराने शिपाई पाठवला. पाटलाने दाराबाहेर उभे राहून माणसे मोजावीत. मोजली. मनू, जावई, जोशीबुवा, सुबराव, राजाबाई. पाच झाले. सहावा मी.
बाहेर उभा राहिलो. वस्तू समोर होती, फार तेजस्वी. आत मंगलाष्टके कुजबुजत म्हटली. कन्यादान राजाबाईने केले. शेजारच्या पाटावर माझ्या जागी सुपारी ठेवली होती. जोशीबुवा नंतर म्हणाले, बाईचा नवरा हजर नसला की सुपारी शास्त्राला चालते.