सदतीस सेकंदांचा उशीर

पूर्णा,
शुक्रवार, दुपारचे तीन

आदरणीय मेव्हणे धम्मानंद गुरुजी यांना दत्तरावचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे केशरबाई बरी आहे, सुकेशनी फारच बरी आहे, आणि माझ्या छातीत मंगळवारपासून जे धडधडत होतं ते आज सकाळी साडेअकराला थांबलं. (धडधड थांबली, छाती चालू आहे. तुमची बहीण मागे उभी राहून वाचते आहे, ती म्हणते नीट लिहा, न्हाईतर तिकडं तुमच्या पेडगावात रडारड होईल.) तुमच्या गुडघ्याला उतार पडला का? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिनाच झाला आहे, त्यांना चुलीपुढे बसू देऊ नका. तुम्ही जन्मभर लाल शाईने लोकांच्या चुका काढल्या, म्हणून तुम्हाला लिहिताना मी एकेक ओळ दोनदा वाचतो. मी सातवीतून निसटलेला माणूस. ऱ्हस्वदीर्घ पोटात घाला.

पत्राचं कारण म्हणजे आपली नात सुकेशनी नोकरीत कायम झाली. तुम्ही मागे म्हणाला होता की पोरगी दिवसभर एका हिरव्या पत्र्याकडे बघत बसते, ही कसली इंजिनियरकी. तो पत्रा म्हणजे नेटवर्क कार्ड. संगणकातून जे काही बाहेर जातं ते छोट्या छोट्या पाकिटांत भरून हे कार्ड तारेवर सोडतं, आणि कार्डाला हुकूम देणारा जो प्रोग्राम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो ड्रायव्हर आपली पोरगी लिहिते, पुण्याच्या कंपनीसाठी, आमच्या मधल्या खोलीत बसून. साध्या कार्डाला पाकीट मिळालं की ते सोडून मोकळं. पण हिच्या कार्डाला प्रत्येक पाकिटावर सुटायची वेळ लिहून द्यावी लागते, आणि त्या वेळेच्या आधी नाही की नंतर नाही, कार्डातल्या घड्याळाप्रमाणे बरोब्बर त्याच क्षणाला ते सुटलं पाहिजे. कारखान्यात यंत्रांचे हात असतात, त्यांना ही पाकिटं कधी हलायचं ते सांगतात. उशिरा आलेला हुकूम हुकूम न आल्यापेक्षा वाईट, असं सुकेशनी म्हणते. मला हे ताबडतोब पटलं, कारण एकतीस वर्षं मी रेल्वेच्या फाटकावर गेटमन होतो. वेळापत्रकच आहे ते, दुसरं काय! (आमचा सिद्धोधन नांदेडहून फोनवर म्हणतो, बाबा, तुमी त्यात पडू नका. बापाला लेकीचं काम कळत नाही, आजाला कळतं, याला मी काय करू?)

तर सहा महिन्यांची बोली होती. काम दाखवलं तर कायम, नाहीतर राम राम. आणि शेवटच्या पंधरवड्यात पाकिटं सुटेनात. एकही नाही. हिने वेळ घालून द्यावी, आणि पाकिटाची वेळ टळली आहे म्हणून प्रोग्रामने ते फेकून द्यावं. नऊ दिवस हे चाललं. पोरीचा चेहरा सुकला. मी आपल्या परीने खटपट केली. उन्हाने कार्ड तापलं असेल म्हणून कूलर त्याच्याकडे वळवला, तर घरात ओल झाली आणि पोरगी किंचाळली. मग ओल लागू नये म्हणून केशरबाईची शाल पांघरली, तर दुप्पट किंचाळली. पण गुरुजी, मला खरा धक्का त्या फेकण्याचा होता. उशीर झाला म्हणून फेकून द्यायचं? आमच्याकडे पॅसेंजर चार तास उशिरा आली तरी आम्ही तिला फाटक लावून, हिरवा झेंडा दाखवून मानाने पुढे पाठवली. उशीर झाला म्हणून गाडी कोणी कॅनॉलमध्ये ढकलली नाही.

हे कोणीतरी वर सांगायला पाहिजे, असं माझ्या मनाने घेतलं. मंगळवारी सुकेशनी अंघोळीला गेली तेव्हा तिच्या फोनवरून मी पुण्याच्या अर्पिता मॅडमना फोन लावला. (या तिच्या वरिष्ठ. आवाज गोड आहे, पण आतून तिकीट तपासणारा टीटीई.) मी अदबीने सांगितलं की मॅडम, नऊ दिवस झाले लेकरू जेवेना, एक पाकीट सुटंना, उशिराच्या पाकिटांना जरा सवलत द्या. मॅडम म्हणाल्या, “नऊ दिवस? ती तर मला रोज सांगते, थोडंच राहिलंय.” गुरुजी, पोरीने जे झाकून ठेवलं होतं त्याचं झाकण मी काढलं होतं. अर्ध्या तासात मॅडमचा फोन आला: पुढच्या आठवड्यातलं प्रात्यक्षिक या शुक्रवारी साडेअकराला, चाललं तर ठीक, नाहीतर काम दुसऱ्याला.

सुकेशनी मला काही बोलली नाही. ते फार वाईट होतं. केशरबाई मात्र बोलली. “फाटकावर व्हते तवा गाड्या थांबवल्या, आता घरी बसून नातीची नोकरी थांबवायलाय!” म्हणाली, आणि ताटात भाकरी अशी टाकली की ताट फिरलं.

बुधवारी मी पोरीच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो आणि म्हणालो, “बाई, नोंद कुठं हाय?”

“कशाची नोंद, आबा?”

“कोणतं पाकीट कधी सुटायचं व्हतं, आणि आलं तवा कार्डाच्या घड्याळात किती वाजले व्हते, याची.”

ती म्हणाली नोंद नाही, फक्त किती फेकली त्याचा आकडा आहे. मी कपाळाला हात लावला. (मनातल्या मनात. उघड लावला असता तर स्टूलसकट बाहेर.) फाटकावर आमचा नियम होता, गाडी गेली की आधी वही, मग बिडी. मी घरातली जुनी वही काढली, रेघा मारल्या, आणि तिला म्हणालो, प्रत्येक पाकिटाच्या दोन्ही वेळा पडद्यावर आण आणि वाच. तिने माझ्या समाधानासाठी दोन ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि वाचायला लागली. गुरुजी, एकेक वेळ एकोणीस आकड्यांची! इतके आकडे मी आयुष्यात एका ओळीत लिहिले नव्हते. वही आडवी धरावी लागली. वजाबाकी मला झेपेना म्हणून फरक यंत्रानेच काढून दिला, तो मी तिसऱ्या रकान्यात लिहिला. चाळीस पाकिटं झाली तेव्हा माझी बोटं आखडली आणि मी रकान्याकडे नुसता बघत बसलो. शेवटचे आकडे प्रत्येकाचे वेगळे. पण पहिले पाच सगळ्यांचे तेच. तीन, सहा, नऊ, नऊ, नऊ. चाळीसच्या चाळीस.

मी म्हणालो, “ही पाकिटं उशिरा न्हाईत.”

“आबा, फेकायलाय त्यांना, उशिराच असतील ना?”

“बाई, मी एकतीस वर्षं उशीर लिवला. उशीर कवाच सारखा नसतो. एक गाडी इंजिनानं थांबते, एक म्हशीनं, एक पुढाऱ्यानं. आज सात मिनिटं, उद्या सत्तर. चाळीस गाड्या जर मोजून तेवढ्याच उशिरा आल्या, तर गाड्यांना बोल लावू नये. घड्याळ बघावं.”

पोरगी त्या रकान्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “छत्तीस पूर्णांक नऊ नऊ नऊ… सदतीस सेकंद.” आणि एवढ्या जोरात ओरडली की केशरबाई उलथनं घेऊन धावत आली.

झालं होतं असं (हे मी तीनदा विचारून घेतलं आहे). जगात दोन काळ चालतात. एक तुमचा-आमचा, जो पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेतो आणि त्यासाठी मधून मधून एक सेकंद थांबतो. दुसरा अणुघड्याळाचा, जो कोणासाठी थांबत नाही. थांबून थांबून आपला काळ आजवर सदतीस सेकंद मागे पडला आहे. कार्डाचं घड्याळ अणूच्या काळावर, आणि पोरगी पाकिटांवर वेळ लिहायची ती संगणकाच्या, म्हणजे आपल्या काळाने. पाकिटं सुटायच्या चिमूटभर आधी ती फलाटावर आणून ठेवते, म्हणून फरक सदतीसला किंचित कमी. बिचारी वेळेवर येत होती आणि फेकली जात होती! सुकेशनीने एक ओळ बदलली. एक. नऊ दिवसांचं दुखणं एका ओळीत गेलं.

आज साडेअकराला मॅडम आणि कंपनीची चार माणसं पडद्यावर आली. मी बंडी सोडून धुवट शर्ट घातला आणि पडद्यात दिसणार नाही असा दारामागे उभा राहिलो. दहा हजार पाकिटं सुटली. एकही फेकलं गेलं नाही. पुढेमागे झाली ती एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही आत. असा वक्तशीरपणा मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही. मॅडमनी विचारलं, चूक कशी सापडली? पोरगी म्हणाली, “आमचे आबा गेटमन होते, त्यांनी नोंदवही लिहिली.” मॅडमनी ती वही कॅमेऱ्यापुढे धरायला लावली. पुण्याच्या इंजिनियरांनी माझं अक्षर पाहिलं, गुरुजी! आणि बाराच्या आत कायम झाल्याचा मेल आला. सुकेशनी मला येऊन बिलगली. मी डोळ्यांत कूलरचा वारा गेला म्हणालो. कूलर बंद होता.

वहिनींना जयभीम, लेकरांना आशीर्वाद.

आपला
दत्तराव

ता. क. केशरबाई गिरणीवर दळण आणायला गेली आहे, तेवढ्यात लिहितो. मंगळवारी मॅडमचा फोन झाल्यावर मी घाबरून टपरीवरून तुम्हाला फोन केला आणि म्हणालो की पोरीची नोकरी आता गेलीच, तुमच्या बघण्यातल्या बोरी गावच्या स्थळाला रविवारी येऊ द्या, सून घरी बसणारी पाहिजे ही त्यांची अट मंजूर. ही गोष्ट या घरात कोणालाच माहीत नाही. हे पत्र संध्याकाळच्या गाडीने कोणाच्या तरी हाती पाठवतो, तेव्हा एवढं पाहुण्यांना थोपवा. आजाराचं सांगा. माझ्या सांगा, वहिनींच्या नको.

ता. क. २. केशरबाईला कळलं. दळण झालं नव्हतं, ती लवकर परतली. तिने सुकेशनीला सांगितलं. सुकेशनी पुन्हा काही बोलत नाही.

ता. क. ३. आता बोलली. म्हणाली, आबा, खोटा आजार नको, आणि मामाआजोबांच्या आड लपणं नको. ज्यानं शब्द दिला त्यानंच बोरीला जाऊन परत घ्यावा. तेव्हा उद्या सकाळच्या गाडीने मी पेडगावला येतो आहे, तिथून तुम्ही आणि मी बोरीला जाऊ. हे पत्र मीच घेऊन येतो. तुम्ही ओट्यावर बसून निवांत वाचा. मी तोवर वहिनींशी बोलतो. वाचून झाल्यावर रागावलात तर लाल शाईने काय ते लिहून द्या, तोंडाने बोलू नका. तोंडी सगळं केशरबाई बोलून झाली आहे.