आमची ७:१२

४ मार्च, मंगळवार

फलाटावर नोटीस लागलीय. पंधरा तारखेपासून नवं वेळापत्रक, आणि आमची ७:१२ बंद! इथूनच सुटायची, म्हणून रांगेत उभं राहिलं की बसायला मिळायचं. आता एक तर ७:०४, नाही तर ७:२१. दोन्ही मागूनच भरून येणार.

जागेचं दुःख नाही, पन्नास मिनिटं उभी राहीन. दुःख त्या माणसाचं आहे. सहा वर्षं फलाटावरच्या तिसऱ्या डब्याच्या खुणेवर, रांगेत तो पुढे, मी मागे. नाव माहीत नाही. पुस्तक वाचतो, पण त्यावर दुकानाचं कागदी कव्हर – म्हणजे काय वाचतो तेही माहीत नाही. रांगेत कुणी बोलत नाही. आम्हीही नाही बोललो.

६ मार्च, गुरुवार

आईला सांगून बसले. चूकच झाली.

"सहा वर्षं? अगं, तेवढ्यात माझं लग्न होऊन तुम्ही दोघं भावंडं झालात!"

"आई, हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. माझी मुलगी किती शिस्तीची आहे ते कळू दे त्यांना."

११ मार्च, मंगळवार

वाक्य ठरवलं. "नव्या वेळापत्रकात तुम्ही कोणती गाडी धरणार?" आंघोळीच्या टबात बसून वीसदा म्हटलं. बाहेरून आई – "जरा मोठ्यानं. त्याला ऐकू जायला हवं."

१४ मार्च, शुक्रवार

शेवटची ७:१२. मी तोंड उघडलं, आणि नेमका तोच मागे वळला. सहा वर्षांत पहिल्यांदा! त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला. मी केला. त्यानं पुन्हा केला, मग मी जरा जास्त वाकले. आधी थांबायचं कुणी? दारं उघडली, मागचे खाकरायला लागले.

कंबर दुखतेय. शब्द मात्र एक निघाला नाही.

१७ मार्च, सोमवार

तो उशीर करणारा वाटत नाही, म्हणून ७:०४ धरली. नव्हता. सगळा डबा नजरेनं चाळला. रडू आलं, खोटं कशाला लिहू. शेहेचाळीस वर्षांची बाई, खिडकीकडे तोंड करून उभी.

१८ मार्च, मंगळवार

आज ७:२१. तिथंही नव्हता. फलाट झाडणाऱ्या कुराता-बाई आम्हाला रोज रांगेत बघायच्या, त्या जवळ आल्या.

"अहो, काल तो ७:२१ला होता. सारखा जिन्याकडे बघत होता. आज ७:०४नं गेला. तुम्ही दोघं मिळून मला वेड लावणार."

म्हणजे तोही मलाच शोधतोय! दिवसभर उगाचच हसत होते.

"मग उद्या कोणती धरू?" मी त्यांना विचारलं होतं.

"मला काय विचारता? मी झाडू मारते."

घरी आईनं आणखी भर घातली. "उद्या तू ७:०४ला जाशील, तो ७:२१ला येईल. असेच म्हातारे व्हा दोघं."

१९ मार्च, बुधवार

सातलाच पोचले. तो जुन्या खुणेवर उभा होता. मी शेजारी जाऊन उभी राहिले. ७:०४ गेली. ७:२१ गेली. त्यानंतरचीही गेली. एकोणीस वर्षांत आज पहिल्यांदा कामावर उशिरा पोचले. साहेबांनी विचारलं, गाडी लेट होती का? नाही म्हटलं, तिन्ही अगदी वेळेवर होत्या.