निळ्या गाडीचं दार

२ फेब्रुवारी, रविवार

आज मंडळाची मासिक बैठक. मंडळ म्हणजे आम्ही खऱ्यापेक्षा चोवीसपट लहान मॉडेल गाड्या बनवणारे वीसेक लोक, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमतो. एका चष्मेवाल्याने स्वतः केलेली गाडी आणली होती, बॉनेट उघडणारी. सगळे वाकून वाकून बघत होते. बॉनेट काय, डबीचं झाकण. मी सहज म्हणालो, बॉनेट ठीक आहे हो, पण दार उघडणं हे खरं काम. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सेक्रेटरींनी (हे दातांचे डॉक्टर, सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतात) विचारलं, तुम्ही करता? मी म्हणालो, अधूनमधून.

हे वाक्य नेमकं का म्हणालो ते आत्ता आठवत नाही.

पुढच्या बैठकीत माझं प्रात्यक्षिक ठरलं आहे. विषय: चालत्या बिजागऱ्या.

३ फेब्रुवारी, सोमवार

महिना म्हणजे भरपूर वेळ. पहिला पंधरवडा कौशल्य, मग एक आठवडा भाषण, उरलेले दिवस विश्रांती. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ पाहिला. बारीक नळी गाडीच्या आत चिकटवायची, तार बदकाच्या मानेसारखी वाकवून दाराला लावायची, तारेचं टोक नळीत. झालं. फारच सोपं आहे, म्हणून आज काही केलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

बारीक नळी हवी. हार्डवेअरच्या दुकानात बिजागरी मागितली. कुठल्या दाराला, म्हणाला. मी बोटांच्या चिमटीत दाखवलं. त्याने बराच वेळ चिमटीकडे बघितलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

व्हिडिओत इंजेक्शनची सुई कापून वापरली होती. औषधाच्या दुकानात गेलो. पेशंट कोण, विचारलं. गाडी, म्हणालो. त्याने मालकाला बोलावलं. शेवटी बायकोला फोन लावून द्यावा लागला. तिने काय सांगितलं माहीत नाही, पण सुया मिळाल्या आणि दोघंही माझ्याशी फार हळू आवाजात बोलले.

९ फेब्रुवारी, रविवार

श्रीगणेशा केला. लाल गाडीचं किट. दाराच्या रेघेवरून ब्लेडची पाठ हलक्या हाताने पुन्हा पुन्हा फिरवायची, म्हणजे प्लास्टिक आपोआप सुटतं. हलका हात, पुन्हा पुन्हा, हे लोक कामधंदा नसलेले असावेत. मी एकदाच जोर लावला. ब्लेड सटकलं, थेट टपापर्यंत. दार सुटलं, टपही सुटला.

ब्लेड निकृष्ट.

बायको म्हणाली, एवढं बिजागऱ्यांचं चाललंय तर ओट्याखालच्या कपाटाचं दार लोंबतंय ते बघा. मी तिला समजावलं की माझं क्षेत्र चोवीसपट लहान आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल रात्री पांढरी गाडी. कापणं ऐंशी टक्के जमलं! बिजागरी बसवली. इतकी पक्की बसली की हलत नाही. गोंद नळीत शिरला. तारेला आधी तेलाचं बोट लावायचं असतं, हे व्हिडिओच्या शेवटी होतं. शेवटी कोण बघतं?

माझ्या डाव्या हाताचं बोटही दाराला चिकटलं होतं. ऑफिसात साहेबांनी विचारलं काय झालं. दार लागलं म्हणालो. खोटं काय त्यात?

१६ फेब्रुवारी, रविवार

हिरवी गाडी. दार उघडलं! फक्त आतल्या बाजूला. ड्रायव्हरच्या मांडीवर.

खचलो नाही. आज भाषण लिहून काढलं. अप्रतिम झालं आहे. सुरुवातीलाच वाक्य आहे, की बिजागरी म्हणजे संयम. वाचताना माझाच आवाज जड झाला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

किटं संपली. नवीन मागवलं तर वेळेत येणार नाही. आता घरात एकच गाडी उरली, सासऱ्यांची निळी.

सासूबाई गेल्यापासून सासरे आमच्याकडेच असतात. त्यांच्या खोलीत कपाटावर ती असते. बायको लहान असताना तापाने खूप दिवस अंथरुणात होती, तेव्हा तिच्या उशाशी बसून त्यांनी डब्यांची झाकणं आणि प्लास्टिकचे पत्रे कापून ती केली. त्यांच्या पहिल्या गाडीची हुबेहूब नक्कल. दारं बंदच, खिडक्यांनाही करडं प्लास्टिक, आतलं काही दिसत नाही. बायको तेव्हा नखाने दार उघडायला बघायची म्हणे, आणि ते म्हणायचे, थांब, एक दिवस उघडून देतो. राहिलं ते राहिलंच.

म्हणजे बघा. हे प्रात्यक्षिक नाहीच. हे एका बापाचं अपुरं काम पुरं करणं आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चहाच्या वेळी सासऱ्यांना विचारलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला खुर्चीत नीट बसवेना. म्हणाले, जावईबापू, मला कधी जमलं नाही ते, तुम्हाला येतं? मी म्हणालो, अधूनमधून.

त्यांनी स्वतः स्टुलावर चढून गाडी काढली. मी नको नको म्हणेपर्यंत काढलीसुद्धा. रुमालाने पुसून माझ्या हातात दिली. बायको दारात उभी होती. म्हणाली, बाबांच्या गाडीला काही झालं ना... पुढचं बोलली नाही. ती वाक्यं अर्धी सोडते तेव्हा मला जास्त भीती वाटते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. सासरे आणि बायको फिरायला गेल्यावर बसलो. अतिशय हलका हात. पुन्हा पुन्हा. खरंच जमत होतं. खालची रेघ सुटली, मागची सुटली. पुढची सुटेना. थोडासाच जोर दिला.

काचेशेजारचा खांब मोडला. टप एका बाजूला बसला.

आत नळीला जागा नव्हती. कापडाचं काहीतरी अडत होतं, चिमट्याने ओढून काढलं. दोन छोट्या सीट होत्या. पिवळ्या फुलांचं कापड, टाके घातलेले. एवढ्याशा सीटला टाके! ड्रॉवरमध्ये ठेवल्या आहेत.

प्लास्टिक फार जुनं आहे. याला माझा इलाज नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

गाडी टॉवेलखाली आहे. सासऱ्यांनी विचारलं कसं चाललंय. रंग सुकतोय, म्हणालो. बरं बरं, म्हणाले, घाई करू नका. नंतर बायकोने विचारलं, रंग कशाला लावलात? मी ओट्याखालच्या कपाटाचं दार बघायला गेलो. ते आता पूर्ण निघालं आहे.

१ मार्च, शनिवार

युक्ती सापडली. खांब आतून काडीने टेकवला. दाराला आतून पारदर्शक चिकटपट्टी लावली. सावकाश उघडलं तर अर्धं उघडतं. लांबून बघणाऱ्याला बिजागरीच वाटेल. प्रात्यक्षिकात जवळून बघू द्यायचं नाही, प्रश्न भाषणानंतर, आणि भाषण लांब आहे.

एकच अडचण. सासऱ्यांना यायचं आहे. शर्ट इस्त्रीला देऊन आणला. मी म्हणालो, वाचनालयाला जिना आहे, फार उभा आहे. ते म्हणाले, काल सकाळी जाऊन चढून पाहिला, जमतो.

२ मार्च, रविवार

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

सासरे शेवटच्या रांगेत बसले. त्यांना पुढे बसवायला हवं होतं. मीच मागे बसवलं.

भाषण सुरू केलं. बिजागरी म्हणजे संयम. चष्मेवाला म्हणाला, आधी दाखवा ना. सगळे म्हणाले, दाखवा. मी गाडी उचलून दार सावकाश उघडलं. अर्धं उघडलं. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, पूर्ण उघडा की.

चिकटपट्टी सुटली. दार खाली पडलं. काडी निसटली आणि टप बसला. सगळं एकदम नाही, एकेक करून, आवाज करत.

मी हसलो. म्हणालो, माफ करा, मॉडेल माझं नाही. मूळ कामच कच्चं आहे. हौशी माणसाने केलेलं, प्लास्टिक निकृष्ट. यावर कुणीही काय करणार?

डॉक्टरांनी विचारलं, कुणी केलेली आहे?

मी म्हणालो, काय माहीत. जुनी कुठूनतरी मिळाली.

शेवटच्या रांगेकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, इस्त्रीचा शर्ट डोळ्यांसमोर होता.

रिक्षातून घरी येताना सासरे म्हणाले, हॉल हवेशीर आहे.

३ मार्च, सोमवार

नीट विचार केला तर मी म्हणालो ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. प्लास्टिक जुनं होतंच. ते हौशीही आहेतच. शिवाय त्यांचं नाव घेतलं असतं तर त्यांनाच अवघडल्यासारखं झालं असतं. म्हणजे मी एका अर्थाने त्यांना वाचवलं.

बायकोने त्यांना विचारलं, कसं झालं काल? ते म्हणाले, छान बोलले हो. गाडीच टिकली नाही. प्लास्टिक तेव्हा मला हलकंच मिळालं होतं.

मी पोळी तशीच सोडून उठलो. पोट बिघडलं आहे, असं सांगितलं.

५ मार्च, बुधवार

निश्चय: आज माफी मागणार. त्यासाठी रजा टाकली. सकाळी ते पेपर वाचत होते. दुपारी झोपले होते. संध्याकाळी रेडिओ ऐकत होते. माणसाला मोकळा वेळच नाही.

९ मार्च, रविवार

गेलो एकदाचा. त्यांच्या खोलीत खुर्ची ओढून बसलो. म्हणालो, बाबा, त्या दिवशी जरा... आणि मग सुईच्या जाडीबद्दल बोलायला लागलो. नळी, तार, तेलाचं बोट. थांबताच येईना. ते शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, आतल्या सीट बघितल्यात का?

मी ड्रॉवरमधून आणून त्यांच्या तळहातावर ठेवल्या. आतलं कापड मी उपटलं होतं, एका सीटचा टाका उसवला होता.

बायको चहा घेऊन आली ती तशीच उभी राहिली. ट्रे ठेवून सीट उचलली. म्हणाली, बाबा, हा माझा फ्रॉक. ते म्हणाले, हो, तापात तू दुसरा घालूच देत नव्हतीस. शेवटी फाटला, तेव्हा घेतलं त्यातलं. तिने विचारलं, मग कधी दाखवलं का नाही? ते म्हणाले, दार उघडून देईन तेव्हा दिसेलच, म्हणून.

मग ती माझ्याकडे वळली. मी मंडळात काय म्हणालो, ते बाबांनी तिला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. सगळं. कुठूनतरी मिळाली, हेसुद्धा.

तिचं अर्धंसुद्धा वाक्य नाही. माझा चहा परत घेऊन गेली.

सासरे म्हणाले, तुम्ही गांगरला असाल त्या दिवशी. एवढ्या लोकांसमोर.

१० मार्च, सोमवार

डॉक्टरांना फोन करून खरं सांगायचं ठरवलं. धीर झाला नाही म्हणून मेसेज केला. ती गाडी माझ्या सासऱ्यांची. काम कच्चं नव्हतं. मी कापताना मोडली. मला बिजागरी करता येत नाही, कधीच आली नाही.

त्यांनी वाचला. उत्तर नाही. दिवसभर फोन उलटसुलट करून बघत होतो. ऑफिसात एक पत्र दोनदा पाठवलं.

१५ मार्च, शनिवार

डॉक्टर घरी आले. मी भाषणाची तयारी करून पुढे झालो. ते म्हणाले, सासरे कुठे आहेत? आणि आत गेले. खूप वेळ बसले. दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. मला बोलावलं ते फक्त दिवा जरा वर धरायला. सासरे दाखवत होते, स्टेअरिंग कसं केलं, पायाखाली रबराची चटई कशी कापली. तेही आत होतं. मी बघितलंच नव्हतं.

जाताना डॉक्टर माझ्याशी नेहमीसारखेच बोलले. म्हणाले, डावीकडची दाढ दाखवून जा एकदा. यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

६ एप्रिल, रविवार

मंडळाची बैठक. आज सासऱ्यांचं प्रात्यक्षिक. विषय: गाडीचं आतलं काम.

खांब त्यांनी पुन्हा जोडला आहे. दार लावलंच नाही. म्हणाले, असू दे उघडंच, आतलं दिसतं. भाषण वगैरे काही नाही. गाडी हातोहात फिरवायला दिली आणि प्रत्येकाला सांगत बसले, हे फ्रॉकचं कापड, ही सायकलच्या ट्यूबची चटई. बायको पहिल्या रांगेत होती. चष्मेवाल्याने सीटचा फोटो चार बाजूंनी काढला.

मी तिसऱ्या रांगेत. शेजारी एक नवीन सभासद होता, मागच्या बैठकीला नव्हता. गाडी त्याच्या हातात आली तेव्हा त्याने दाराच्या जागेवरून बोट फिरवलं. कडेला माझ्या ब्लेडचे ओरखडे आहेत, ते पुसले जात नाहीत. हळूच म्हणाला, इतकं सुंदर काम, आणि हे कापलं कुणी हो असं?

काय माहीत, हे अगदी जिभेवर आलं होतं.

मी, म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. तुम्ही कोण?

जावई.

त्याने मान हलवली, जणू सगळा उलगडा झाला. मग गाडी मला न देता माझ्यावरून हात लांबवून पलीकडच्याला दिली आणि म्हणाला, जरा मागे सरकून बसता का? ते काय दाखवतायत ते दिसत नाहीये.

सरकलो.