साडूच्या इंजिनातली वाळू

७ जानेवारी

नाही सोडणार! आज पक्कं ठरलं. साडूची गाडी भर चढावर अडकली पाहिजे आणि सगळ्या शेडने ती बघितली पाहिजे. हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा असला म्हणून काय झालं? केसाने गळा कापताना त्याने नातं बघितलं होतं?

शेडमध्ये त्याला भोंगा म्हणतात. मालगाडीचा ड्रायव्हर. समोर चिटपाखरू नसलं तरी इंजिनाचा भोंगा वाजवल्याशिवाय त्याला करमत नाही. मागे त्याची गाडी चढावर अडकली, त्या चौकशीतही असाच वाजला — "साहेब, इंजिन शेडमधून निघालं तेव्हाच वाळूच्या पेट्या रिकाम्या होत्या." रिकाम्या! ब्रेकबरोबर पेट्या बघणंही माझंच काम; मी स्वतः तपासल्या होत्या, काठोकाठ भरलेल्या. पण ऐकतो कोण? उभं आयुष्य ब्रेकच्या कामात काढलं, आणि फोरमनने उचलून वाळूच्या खोलीत टाकलं. "वाळूत चुकलास ना? मग आता वाळूच चाळ." सगळे हसले. भोंगाही हसला.

९ जानेवारी

नाकात वाळू, कानात वाळू, डब्यातल्या पोळीतही वाळू. ही म्हणते, अंथरूण झाडून झाडून हात दुखले.

काम म्हटलं तर सोपं. चाक लोखंडाचं, रूळही लोखंडाचा. रूळ ओला झाला की चाक जागच्या जागी गरगरतं. मग ड्रायव्हरने पायाखालचं पायडल दाबायचं. पेटीतली वाळू हवेच्या जोराने नळीतून चाकापुढे पडते, चाक पकड घेतं, गाडी चढते. पायडल दाबायचं ते गरजेपुरतं! हा भोंगा पाय टेकायला फळी असावी तसा त्याच्यावर पाय ठेवून बसतो. सपाटीवरच सगळी वाळू सांडली, चढ आला तेव्हा पेटी ठणठणीत. आणि म्हणे शेडमधूनच रिकामी निघाली. चोराच्या उलट्या बोंबा!

१२ जानेवारी

त्यांच्याकडे जेवायला. "ताईचं मन मोडू नका," ही म्हणाली, म्हणून गेलो. नाहीतर त्या घराचा उंबरा चढलो नसतो.

तो आग्रह करकरून वाढत होता. "घे रे, लाजतोस काय?" वर म्हणतो, "वाळूचं काम बरं बाबा. सावलीत बसून." ताई पटकन उठून आत गेल्या. मी हसलो. दात इतके आवळले होते की अजून दाढ ठणकतेय.

येताना हिचं सुरू — "किती धुमसाल? मोठे आहेत ते." मोठे! वयाने आहे, मान्य.

१५ जानेवारी

सुचलं!! दमट वाळू.

कोरडी वाळू मुठीत धरली तर बोटांतून सुळसुळ निघून जाते. दमट वाळू मुठीचा आकार घेऊन बसते. नळीच्या वळणात ती अशीच बसली की दाब म्हणावं पायडल, दोन्ही पायांनी दाब! गाडी चढावर उभी. मागून ढकलायला दुसरं इंजिन येईपर्यंत पुढच्या-मागच्या सगळ्या गाड्या खोळंबणार आणि जो तो विचारणार, कोण आहे रे ड्रायव्हर? याच्याएवढी नाचक्की दुसरी नाही. दोन बादल्या झाकून वेगळ्या ठेवल्या आहेत. वाळू वाळवायच्या भट्टीपासून लांब.

१८ जानेवारी

फळ्यावर त्याचं नाव लागलं. उद्या दुपारी, जड मालगाडी. आणि हवा धुक्याची! देवही माझ्याच बाजूने आहे.

१९ जानेवारी

भरली. खाली दमट, वर कोरडीचा थर — कुणी झाकण उघडलंच तर दिसायला. कुणी उघडलं नाही. निघताना त्याने मला बघून मुद्दाम भोंगा दिला. वाजव लेका, वाजव!

संध्याकाळी —

चढ लक्षात होता. उतार नाही!

चढापलीकडे उतार आहे. लांबलचक. ओल्या रुळावर ब्रेक लावले की चाकं धरून बसतात आणि घसरतात, तेव्हाही वाळूच लागते. हे मला कळू नये? ब्रेकवाल्याला? शिकाऊ पोरांकडून मीच घोकवून घेतलेलं हे! रागाच्या भरात माझी अक्कल शेण खायला गेली होती. त्याच्याबरोबर असिस्टंट आहे. खाली फाटक आहे, माणसं असतात.

फोनपाशी गेलो. उचलला, ठेवला. सांगायचं म्हणजे नोकरी गेली, शिवाय तुरुंग. पुन्हा गेलो. पुन्हा ठेवला. ही विचारते, "जेवत का नाही? पोट बिघडलंय का?" हो म्हणालो.

२० जानेवारी

चढावरच अडकला! माथ्यापर्यंत पोचलाच नाही. जीव भांड्यात पडला.

आणि मग, खोटं कशाला लिहू, आनंदाच्या उकळ्या फुटल्या! चहाच्या टपरीवर त्याचाच विषय. "भोंग्याची पिपाणी झाली!" म्हणे मागचं इंजिन यायला खूप वेळ लागला. दोन कप चहा प्यायलो. इतका गोड चहा कित्येक महिन्यांत लागला नव्हता.

२२ जानेवारी

इंजिन परत आलं. फोरमनने पेट्या उघडल्या. रिकाम्या! पुसून काढल्यासारख्या. ओली नाही, कोरडी नाही, कणसुद्धा नाही. फोरमन माझ्याकडे बघत राहिला. "पुन्हा?" म्हणाला.

आलं लक्षात. भोंगा पुन्हा तोच सूर लावणार — शेडमधूनच रिकाम्या निघाल्या. या वेळी मी कायमचा घरी. उद्या चौकशी. बोलू दे त्याला! पायडलवर तंगडी ठेवून बसतो, हे भर चौकशीत सांगतो. ताई रडल्या तर रडल्या. मी बुडणार असेन तर त्याला घेऊन बुडेन.

२३ जानेवारी

साहेबांनी आधी त्यालाच विचारलं, वाळू होती का?

तो म्हणाला, "भरपूर होती, साहेब. पायडलवर पाय ठेवून बसायची माझी खोड. चढाच्या आधीच सगळी सांडली. मागल्या खेपेलाही असंच झालं होतं. तेव्हा मी खोटं बोललो."

त्याला इंजिनावरून उतरवलं. कायमचं. मला सोमवारपासून परत ब्रेकवर घेतलं.

बाहेर आल्यावर त्याने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटं सोललेली, नखं फुटलेली. "ओली होती," म्हणाला. "असिस्टंटला मदत आणायला खाली पाठवलं आणि सगळी उपसून झाडीत टाकली."

घरी ही विचारतेय, "आता तरी निवलात ना?"