उंबरावरचे पिवळे पाय

कोल्हार, रविवार, ८ मार्च

सकाळी पाणी भरलं. दुपारची एक भाकरी उरली. चारला शेजारचा भाऊसाहेब उंबराची फांदी तोडायला आला. मीच बोलावलं होतं. फळं पत्र्यावर, अंगणात पडून सडतात.

वर चढून तो थांबला. "तात्या, हरियल हायेत की हितं! धा-बारा."

"पोपट असतील." लग्न झाल्यापासून सुमनला मी हेच सांगत आलो.

"पोपटाचे पाय पिवळे असत्यात व्हय? चष्मा पुसा की!"

सुमनही म्हणायची, पाय बघा. मी कधी मान वर केली नाही. आज केली. कबुतराएवढे पक्षी, डोकं राखाडी, गळा पिवळसर हिरवा, खांद्यावर जांभळट डाग. उंबरं अख्खी गिळत होते. हलले तरच पानांत दिसतात. जमिनीवर सहसा उतरत नाहीत, असं ती सांगायची. आणि पाय पिवळे, हळद लावल्यासारखे.

गेल्या महिन्यात तिला नेताना बायकांनी तिच्या पायांना हळद लावली होती. मी पायच बघत राहिलो, चेहऱ्याकडे बघवलं नाही.

"तुझं बरोबर आहे" एवढं म्हणायला माझं काय जात होतं?

भाऊसाहेबाला म्हटलं, उतर, फांदी राहू दे.

"मग ही घाण रोज कोन झाडनार?"

"मी."

तो हसत गेला. खराटा पाण्याच्या टाकीमागे होता, ती ठेवायची तिथेच. अंगण झाडून घेतलं.