हॉलोबर्नची लोहारशाळा आणि चुन्याची बादली

मी, देवयानी यतिन कारखानीस, वय ७३, राहणार पॅरामॅटा, न्यू साउथ वेल्स, निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनियर, पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवते. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. अंमलबजावणी माझी वकील लीना करील.

१. पॅरामॅटाचा फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक मुलगा सलिल याला.

२. हॉलोबर्नची दगडी लोहारशाळा नात स्वरदा हिला. इंग्रज गवंड्यांनी १८४०च्या सुमारास हे गाव मायदेशातल्या गावासारखेच उभारले: चर्च, तीन कमानींचा पूल, लोहारशाळा. लोहारशाळा विकत घेतल्यावर मी दगडांच्या सांध्यांत हौसेने सिमेंट भरले. आयुष्यभर आरसीसी केलेला हात! ओल आतच कोंडली आणि दोन हिवाळ्यांत दगडांचे पापुद्रे निघाले. सात महिने छिन्नीने ते सिमेंट काढले आणि चुना भरला. एक कोपरा तसाच ठेवला आहे, माझी चूक म्हणून.

मागचा चुना भिजवायचा खड्डा बुजवू नये, लोहारशाळा विकू नये. सलिल म्हणतो, "आई, त्या पैशांत स्विमिंग पूलवालं घर येईल." येईल. पोहायला इथे नदी आहे.

३. थापी, छिन्नी, चाळण हीसुद्धा स्वरदाला. नऊ वर्षांची असताना खड्ड्यात डोकावून ती ओरडली होती, "आजी, लुक, श्रीखंड!" त्यानंतर चुना ढवळायला तीच.

४. मुरवलेल्या चुन्याची एक बादली गावच्या वारसा समितीचे अध्यक्ष ग्रॅहम टिल्बरी यांना. पूल दुरुस्तीला आला तेव्हा ते भर सभेत म्हणाले होते, "धिस इजन्ट इंडिया, लव्ह. सिमेंट विल डू." मी समितीला माझ्या चुकीच्या कोपऱ्यापाशी नेले. ग्रॅहमने बोट लावले. दगड हातात आला. मतदान झाले: चुना पाच, सिमेंट चार. पाचवे मत ग्रॅहमचे.

२०२२च्या पुरात पाणी कठड्यावरून गेले. ओसरल्यावर सगळा गाव काठावर. तिन्ही कमानी जागच्या जागी! ग्रॅहमने टोपी काढली. मला नाही, पुलाला, असे तो अजून सांगतो. आता चर्चची भिंत त्याने करावी.

साक्षीदार म्हणून आज त्यालाच बोलावले होते. लीना म्हणाली, "मावशी, ज्याला काही मिळतंय त्याची साक्ष नको." मग त्याला इंग्रजीत विचारले: सही की चुना?

ग्रॅहमने पेन खाली ठेवले. "द लाइम, थँक्स."

सही: देवयानी यतिन कारखानीस
साक्षीदार: श्रीनाथ मुळगुंद (सही), चित्रलेखा सबनीस (सही)
लोहारशाळा, हॉलोबर्न, न्यू साउथ वेल्स. १४ एप्रिल २०२४